लहानीने काढलेला अशोक

लहानीमावशी आमच्या किन्हवलीच्या शाळेत पाणी भरायची, वर्ग झाडायची. १९९६ साली संस्कृतच्या सुरेखाबाई आम्हा आठवीच्या मुलांना जुन्या काव्यांतला वसंत शिकवत होत्या. किंशुक, शाल्मली, कोविदार ही नावं आमच्या डोक्यावरून जायची. म्हणून बाईंनी पुस्तकात बघून किंशुकाचं, म्हणजे पळसाचं, मोठं चित्र रंगवलं आणि फळ्याशेजारी लावलं.

झाडताझाडता मावशी त्यापुढे थांबली.

"बाई, याला फुलंबी काढलीत नि पानंबी. पळस फुलतो तवा उघडा असतो."

बाई चपापल्या, मग हसल्या. "मग तूच काढून दाखव."

मावशीने ते मनावर घेतलं. वाडीत लग्न असलं की भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायला तिलाच बोलावत, पण ब्रश तिने कधी धरला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती पळसाची फांदीच घेऊन आली. खराट्याच्या काडीने पाकळी मोजायची आणि तेवढीच कागदावर उतरवायची. पाकळीवरची बारीक लव जमेपर्यंत तीन कागद फुकट गेले. चौथा बाईंनी स्वतःचं चित्र उतरवून तिथे लावला.

पुढच्या दोन वसंतांत सावर, कांचन, पांगारा, आंब्याचा मोहर अशी दहा चित्रं झाली. अडलं ते अशोकावर. शाळेच्या फाटकाशी उंच, सरळ अशोक होता. त्याची हिरवट फुलं बघून मावशी म्हणाली, "याला कोण भुलंल? तुमचा पोथीतला हा नाय."

"मग पुस्तकात बघून काढ."

"तुमच्या पळसाचं काय झालं?"

बाईंनी उघडलेलं पुस्तक मिटलं.

मावशीचा भाऊ मंगळू धसईकडे मजुरीला जायचा. तिथल्या एका ओढ्याला खोडालाच फुलं येणारं झाड आहे, असं त्याने सांगितलं. एका रविवारी तो, मावशी, बाई आणि आम्ही दोघी मुली एसटीने निघालो. मुरबाडला गाडी बदलली, धसईहून पुढे तासभर चाललो.

ओढ्याच्या सावलीत झाड उभं होतं, खोडाला नि फांद्यांना चिकटून केशरी घोस. बाई पाण्यात पाय सोडून बसल्या आणि पाठ असलेले अशोकाचे श्लोक म्हणू लागल्या. मावशी मात्र एक फूल उकलत होती.

"बाई, याला पाकळ्याच नायत. खालची वाटीच रंगलीय."

पुढच्या वर्षी शहापूरला शाळांचं प्रदर्शन भरलं, त्यात ही अकरा चित्रं लागली. वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक अशोकापुढे बराच वेळ उभे राहिले. हे कुठल्या कॉलेजचं काम, असं त्यांनी विचारलं, तेव्हा बाईंनी मावशीला पुढे केलं.

"पाकळ्या नसतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगंल? उघडून बघितलं," मावशी म्हणाली.

त्यानंतर सहा-सात वर्षं ती त्या प्राध्यापकांसाठी रानफुलांची चित्रं काढत राहिली. शाळेतलं काम काही सोडलं नाही. बाईंनी तिला सही शिकवली. फूल ती काडीभरही चुकवायची नाही, पण सही मात्र कोपऱ्यात कधी मावली नाही.