मागच्या अंगणातलं बिननावाचं झाड
चारोळीचं पाकीट कापलं की तो तुपकट वास येतो आणि तुमसरच्या नव्या घरातला पहिला उन्हाळा आठवून माझं डोकं फिरतं. मागच्या अंगणात एक झाड होतं, वाटाण्यापेक्षा जराशा मोठ्या, काळपट जांभळ्या फळांचं. ती दिवसभर टपटपायची, तळपायाला चिकटायची, वाळत घातलेल्या चादरींवर डाग पाडायची. आमच्या यांनी तर झाड तोडायला माणूसही सांगून ठेवला. मीच म्हटलं, आधी नाव तर कळू द्या. पण आमच्याकडे 'माहीत नाही' म्हणायची रीतच नाही. शेजारचे रिटायर गुरुजी म्हणाले, जंगली जांभूळ. दीर म्हणाले, करवंद. मी म्हटलं, करवंदाला काटे असतात, तर म्हणे, "हे बिनकाट्याचं होय, वहिनी." मोबाइलने तर आफ्रिकेतलंच कुठलंसं झाड दाखवलं. महिनाभर मी तो कचरा झाडून फेकायला लावत होते. शेवटी एका सकाळी ओरडलेच, "आहे तरी काय हे झाड?" अंगण झाडणारी मावशी, जिचं माहेर जंगलालगतच्या नाकाडोंगरीचं, हातातला झाडू न थांबवता म्हणाली, "चाराचं झाड होय ना, बाई. याची बी फोडली का चारोळी निघते. मी तं रोज घरी नेऊन राहिली." "मग सांगितलं काहून नाही?" "तुमी मले कवा इचारलं?" झाड वाचलं. चारोळी मात्र मी आजही पाकिटातलीच वापरते, कारण ती बी फोडायची कशी, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.