करडईची पोती घेऊन धारहून देवासला

"ताई, तू येतेस का? मला एकटीनं जायचं नाहीये." माधवीचा फोन एवढाच होता. मी लगेच बॅग भरायला घेतली. नवरा म्हणाला, "मे महिन्यात माळव्यात? डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, नाही, पण तिकीट काढलंय.

माधवी माझी मामेबहीण. धारला शाळेत शिकवते आणि माझ्या मामांबरोबर राहते. मामी जाऊन बरीच वर्षं झाली. गावाबाहेर त्यांची थोडी शेती आहे. आजूबाजूला सगळीकडे पावसाळ्यात सोयाबीन आणि थंडीत गहू-हरभरा. या बाईनं यंदा पहिल्यांदाच करडई लावली. लोक हसले. करडईला काटे असतात, काढणीला माणूस मिळत नाही, एवढे उपद्व्याप कशाला? पण पीक चांगलं आलं. आता ते देवासच्या एका तेलकारखान्यात नेऊन गाळून आणायचं होतं. शेतकऱ्याचा किंवा व्यापाऱ्याचा माल घेऊन मजुरीवर तेल काढून देणारे असे कारखाने तिकडे आहेत. एरवी ते सोयाबीनमध्येच बुडालेले असतात. उन्हाळ्यात सोयाबीन कमी येतं तेव्हा बाहेरचा माल घेतात.

या फेरीवर तिचं सगळं अवलंबून होतं. तिचा भाऊ सुहास बंगळुरूला असतो. त्यानं आणि मामांनी मिळून ठरवलं होतं की एक हंगाम माधवीला द्यायचा. तेल खाण्याजोगं उतरलं आणि इंदूरच्या व्यापाऱ्यानं उचललं, तर शाळा सोडून तिनं शेती बघावी. नाहीतर जमीन बटाईनं द्यायची, म्हणजे कसणारा दुसरा आणि पीक वाटून घ्यायचं. शब्द अर्थात मामांचा शेवटचा. जमीन त्यांच्या नावावर आहे आणि सुहास त्यांच्यापुढे बोलत नाही. मीही बोलत नाही म्हणा.

आता जाण्याचं सांगते. पुण्याहून इंदूरला संध्याकाळी स्लीपर बस मिळते, सकाळी पोचवते. सुट्ट्यांत भाडं वाटेल तसं वाढतं, म्हणून आधी काढा. इंदूरला गंगवाल बस स्टँडवरून धारच्या गाड्या सतत सुटतात. खिडकीची जागा उन्हाच्या विरुद्ध बाजूला पकडा, मी पकडली नाही आणि माझा डावा गाल भाजून निघाला. स्टँडसमोर पोहे खाल्ले, वर शेव आणि जिरावण नावाचा मसाला. आमच्या पुण्यात पोह्यांवर खोबरं घालून स्वतःचं कौतुक करून घेतात. इथं पोहे वाफेवर ठेवलेले असतात आणि शेव मूठभर टाकतात. मी दोन प्लेटी संपवल्या.

धार तलावांचं गाव. मेमध्ये निम्मे तलाव आटलेले असतात, तरी काठानं फिरायला बरं वाटतं. किल्ला बघायचा तर सकाळीच जा. मी गेले नाही. मामांच्या घरी पोचले आणि तिथंच रमले.

मामा अठ्ठ्याहत्तरचे. जुने मास्तर. पवारांच्या दरबारात नोकरीला म्हणून त्यांचे पूर्वज आले ते इथंच राहिले. मामांचं मराठी अजून तेच आहे, आपल्याकडे आता कुणी असं बोलत नाही. मी दारात पाऊल टाकलं तशी हाक आली, "नंदे, आलीस? आधी हातपाय धू. माधवीस सांगितलंय, पन्हं करून ठेव म्हणून."

माधवी आतून ओरडली, "बाबा, पन्हं फ्रिज में है! ताई, तू बस, मी निकालते." तिचं असंच. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, घरात मराठी. एका वाक्यात दोन्हीकडे जाऊन येते. मामा दर वेळी कपाळाला आठी घालतात आणि दर वेळी गप्प बसतात.

पडवीत पोती रचून ठेवली होती. मामा मला मुद्दाम तिथं घेऊन गेले. "हात घालून बघ. एक किडा सापडला तर सांग." मी हात घातला. पांढरी, गुळगुळीत, चकचकीत करडई, बोटांमधून नुसती सरसर निसटत होती. मला वाटलं, करडई अशीच असते. शहरातली बाई मी, मला काय कळणार? मामांच्या चेहऱ्यावर असलं समाधान होतं की मी म्हटलं, "वा मामा, सोन्यासारखी ठेवलीत!"

"ठेवणारच. पोरगी शाळेत जाते. तिच्या मागं घरात बसून मी काय माशा मारायच्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटा हत्ती आला. तो टेम्पो चालवणारा लखन मामांचा जुना विद्यार्थी, त्यामुळे येताच आधी पाया पडला. माधवीनं त्याला आदल्या दिवशीच गाडी धुवायला लावली होती. वर स्वच्छ ताडपत्री अंथरली, पुन्हा झाडली, मग पोती चढवली. लखन म्हणाला, "अरे दीदी, इत्ती सफाई तो मेरी शादी में नी हुई थी!" आम्ही दोघी पुढं त्याच्या शेजारी बसलो. तेवढ्यात मामा पूजा आटोपून बाहेर आले, त्यांनी टेम्पोला हळदकुंकू लावलं आणि माधवीच्या डोक्यावर हात ठेवला. "यशस्वी होऊन ये," म्हणाले. बोलून चालून मास्तर, परीक्षेला पाठवल्यासारखंच.

रस्ता चांगला आहे. घाटाबिल्लोद, बेटमा करत इंदूरच्या बायपासला लागायचं, शहरात शिरायचं नाही. बेटम्याच्या पुढं ढाब्यावर दालबाफले मिळतात, पण सकाळी खाल्लेत तर देवासपर्यंत झोपच. आम्ही कचोरी आणि चहावर भागवलं. वाटेत माधवी एकटीच बोलत होती. बाटलीवर काय लिहायचं, पुढच्या वर्षी किती लावायची, करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी कुणाला विकता येईल. "ताई, अब तक ना मैंने सबका सुना है. ये पहली चीज है जी माझी आहे." लखन गाडी चालवता चालवता म्हणाला, "हो जाएगा दीदी." मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

देवास आधी ओळखू येतं ते टेकडीवरून. देवीची टेकडी, वर जायला दोरीवरचा पाळणाही आहे. थोरली पाती, धाकटी पाती, दोन गाद्यांचं गाव. आता मात्र नाव काढलं की कारखानेच आठवतात. औद्योगिक भागात शिरलो तसा पेंडीचा जड, भाजका वास आला. तुम्ही कधी माल घेऊन गेलात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. फोन आणि काडेपेटी गेटवरच जमा करावी लागते, कारण आत पेट घेणारं रसायन वापरतात. आणि थोडा माल असेल तर आधी विचारून जा, कारण मोठं यंत्र दोन पोत्यांसाठी कुणी तापवत नाही. आमच्याएवढ्यासाठी त्यांच्याकडे एक वेगळा छोटा घाणा होता.

मॅनेजर पन्नाशीचे, सज्जन. ओलावा मोजला, म्हणाले, "माल तो बढ़िया है." माधवी माझ्याकडे बघून हसली. मग नमुना प्रयोगशाळेत गेला. यंत्रावर घेण्याआधी नमुन्याचं तेल काढून तपासायचं, हा तिथला नियम. तिथल्या मॅडमनी मूठभर करडईचं तेल काढलं, नळीत घेऊन त्यात काहीतरी मिसळलं आणि नळी बर्फात ठेवली. आम्ही काचेबाहेर उभ्या. स्वच्छ राहायला हवं होतं ते तेल पातळ ताकासारखं गढूळ झालं.

मॅडम बाहेर आल्या. "इसमें अरंडी का तेल है."

"नाही हो," माधवी म्हणाली, "अरंडी तो हमारे गाँव में होती ही नहीं."

त्यांनी दुसऱ्या पोत्याचं बघितलं, मग तिसऱ्याचं. तेच. मॅनेजर समजावून सांगायला लागले की खायच्या तेलात एरंडेल जरासंही चालत नाही, माझ्या यंत्रातून गेलं तर पुढच्या सगळ्यांचा माल खराब होईल. माधवी ऐकत नव्हती. तिनं पोत्यात हात घातला, बाहेर काढला आणि तळवा नाकाशी नेला. तिचा चेहरा उतरला.

"बाबांनी लावलं," ती म्हणाली. "ताई, बाबांनी लावलंय."

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे वर्षाचे गहू, तूरडाळ भरताना एरंडेलाचा हात फिरवतातच की. कीड लागत नाही. मामी दर उन्हाळ्यात करायची. माधवी शाळेत गेली की मामांनी एकेक पोतं चादरीवर ओतून, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खाली बसून, दाणा अन् दाणा चोळला होता आणि पुन्हा भरून ठेवला होता. लेकीचा माल किडू नये म्हणून. सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? कुठल्याही मराठी घरात हेच केलं असतं. मी केलं असतं.

"धो के नहीं चलेगा?" माधवीनं विचारलं.

"बेटा, छिलके में बैठ गया है," मॅनेजर म्हणाले. त्यांनाच वाईट वाटत होतं. त्यांनी साबणवाल्याला फोन लावून दिला. तो आला, पोती घेऊन गेला. साबणाच्या भावानं. इंदूरच्या व्यापाऱ्याला तिनं गेटबाहेरून कळवलं. तो म्हणाला, कोई बात नहीं, पुढं कधी बघू.

गेटवर फोन परत मिळाला तेव्हा त्यावर मामांचे कितीतरी मिस्ड कॉल होते. माधवी ते बघत उभी राहिली. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "ताई, तुला माझी शपथ. बाबांना काही सांगायचं नाही. मी म्हणेन, टेम्पोत आधी खत होतं, मी धुवून घेतला नाही."

"वेडी आहेस का? तू गाडी दोनदा झाडलीस!"

"त्यांनी महिनाभर हातानं चोळलंय गं. त्यांना कळलं तर ते उठायचे नाहीत त्यातून. माझा एक सीझन गेला, बस. पुढच्या वर्षी मी पोती कुलपात ठेवीन." आणि हसली चक्क. लखनलाही तिनं गप्प केलं. तो म्हणाला, "इल्जाम मेरी गाड़ी पे डाल दो दीदी, पर तुम मत लो." ती म्हणाली, नाही, मग बाबा तुला रागावतील.

संध्याकाळी मामा ओट्यावरच उभे होते. माधवीनं ठरल्याप्रमाणे सांगितलं. मामा ऐकत गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "एवढी साधी गोष्ट? वाहन धुवून घ्यायचं? मी तिकडं दाणा अन् दाणा जपला, आणि तुला एवढं बघता आलं नाही?" माधवी खाली मान घालून उभी. मी शेजारी उभी. तोंड उघडणारच होते, तेवढ्यात तिनं माझं मनगट दाबलं. मी गिळून टाकलं.

सकाळी चहा घेता घेता मामांनी सुहासला फोन लावला. आम्ही दोघी समोर होतो. "हे माधवीस जमणारं काम नव्हे. निष्काळजीपणा आहे. जमीन बटाईनं देऊन टाक. ती शाळा सोडत नाहीये." एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि पेपर उचलला. माधवीनं हे गृहीत धरलंच नव्हतं. तिला वाटलं होतं, बाबा दोन दिवस फुगतील आणि पुढचा हंगाम देतील. तिनं कप उचलले, आत गेली, नळ सोडला. मी मागोमाग गेले, म्हटलं, आता तरी सांगते. ती म्हणाली, "सांगितलंस तर पुन्हा तोंड बघणार नाही तुझं." अशी ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

मी त्याच दिवशी निघाले. परतीच्या बसचं, जेवणाचं काही लिहावंसं वाटत नाही, माफ करा.

घरी येऊन तीन आठवडे झाले. लोक विचारतात, कसा झाला प्रवास? माळवा सुंदरच आहे. माणसं प्रेमळ, रस्ते चांगले, खाणं उत्तम. जरूर जा. करडई, तीळ, शेंगदाणा, काहीही गाळायला नेणार असाल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारून घ्या, कशाला काही लावलंय का. मी पडवीत हात घालून "वा मामा" म्हणाले, तेव्हा बोटं नाकाशी नेली असती तर आम्ही देवासला गेलोच नसतो, घरात बसून तिघांनी तोड काढली असती. याची मला फार हळहळ वाटते. आणि त्या चहाच्या वेळी मी गप्प का बसले, याची त्याहून जास्त.

परवा मामांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "नंदे, जमिनीचा कागद उद्या व्हायचाय. पोर हल्ली बोलत नाही माझ्याशी. तू सोबत होतीस, आणि तू काही मला खोटं सांगायची नाहीस, म्हणून तुजपाशी विचारतो. चूक तिचीच होती ना?"

स्वयंपाकघरात उभी होते मी. कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बंद केला. तरी ते थांबून राहिले होते.

"हो मामा," मी म्हटलं. "तिचीच."

"बरं झालं विचारलं," मामा म्हणाले. "मन फार खात होतं गं."