रुमाल टाकलेली खुर्ची

आमच्या चर्चमध्ये लोकांना जागेवर बसवायचं काम माझ्याकडे आहे. शिक्षण कॉमर्सचं आणि सारी नोकरी गोदामाच्या ऑफिसात, त्यामुळे रिकामी खुर्ची दिसली की मला चैन पडत नाही. पडदेवाल्या मावशींच्या शेजारची खुर्ची मात्र वर्षानुवर्षं रिकामी. बसमध्ये जागा धरावी तसा त्या तिच्यावर नवऱ्याचा रुमाल टाकून ठेवतात.

मावशी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करतात. नवरा, म्हणजे आमचे पंखेवाले काका, पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करतात. काका ख्रिस्ती नाहीत. दर रविवारी बायकोला स्कूटरवरून सोडतात आणि उपासना संपेपर्यंत बाहेर कट्ट्यावर पेपर वाचत बसतात.

"काका, आत या की," मी म्हणायचो.

"तुमच्या देवाशी भांडण नाही हो माझं. प्रवचन जरा लांबतं."

तसे ते आत येतात, पण हॉल मोकळा असताना, पंखे बघायला. "शिडीवर चढून मी वरच्याच्या तुमच्यापेक्षा जवळ जाऊन आलोय," असं वर मलाच ऐकवतात.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि मावशींनी चर्चच्या पाळकांना गाठलं.

"त्यांचं काही बरंवाईट झालं, तर तारण होईल का त्यांचं? देवाघरी जागा मिळेल का?"

पाळक वयाने लहान, पण गोलमाल बोलणारे नव्हेत. म्हणाले, "मावशी, तारण येशूवरच्या विश्वासाने होतं. ते मला बदलता येत नाही. पण कोण आत आणि कोण बाहेर, हे ठरवायचं काम त्याने माझ्याकडे दिलेलं नाही."

"बरं. मग मी जागा धरून ठेवते," मावशी म्हणाल्या.

मीही त्यावर बराच विचार केला. येशूशिवाय वाट नाही, हा माझा विश्वास आहे आणि तो पक्का आहे. पण जमाखर्चासारखी माणसं दोन बाजूंना मांडून मोकळं व्हायची माझ्या डोक्याला सवय, आणि काका काही केल्या कुठल्याच बाजूला नीट बसेनात.

ऑपरेशन पार पडलं. काका पुन्हा आले त्या रविवारी नेमके पाहुणे आलेले, हॉल खचाखच. लोक भिंतीला टेकून उभे. मी मावशींच्या कानाशी लागलो. "आज तरी खुर्ची द्या."

"घ्या. पण बाहेर न्या. डॉक्टरांनी त्यांना पाठीला आधार घेऊन बसायला सांगितलंय."

"अहो, इथे लोक उभे आहेत."

"ते धडधाकट आहेत."

डोक्यावर खुर्ची धरून मी सगळ्यांच्या देखत बाहेर निघालो. पाळक वाचता वाचता थांबले. मला वाटलं, आता रागावतील. ते एवढंच म्हणाले, "दार उघडंच राहू द्या."

काकांनी खुर्ची ओळखली, रुमालही ओळखला. "ही आतली ना? हिच्यावर बसलो म्हणून मी आत आलो असं मोजायचं नाही हं."

"मी मोजत नाही. ते तुमची बायको आणि देव बघून घेतील."

"मग संपलंच," म्हणत काकांनी रुमाल खिशात घातला आणि ऐसपैस टेकून बसले.

मी परत आत आलो, तर एक पाहुण्या बाई मावशींच्या शेजारच्या मोकळ्या जागेत उभ्या राहू पाहत होत्या. मावशींनी तिथे जमिनीवर आपली पर्स ठेवली.

"कुणी आहे का इथे?" बाईंनी विचारलं.

"येणार आहेत," मावशी म्हणाल्या.