लेकराले काय इटाळ?

काका खामगावच्या कापसाच्या जिनात कामाला होता. खोकायचा, तर घरचे म्हणत, रुईची भुकटी छातीत गेली. मग रक्त पडलं, तेव्हा बाबांनी त्याला तिथल्याच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, क्षय आहे. याचं ताट, अंथरूण वेगळं ठेवा. त्या काळी या रोगावर ना लस होती, ना धड औषध.

सांगायचा अवकाश, मायनं सगळं वेगळं केलं! ताट वेगळं, तांब्या वेगळा, बाज ओसरीच्या टोकाला. भाकर वरूनच टाकायची. मी जवळून गेले तरी ओरडायची, "दूर हो वो पोरी!" घरचाच माणूस, अन् असं वागणं! मला मायचा भारी राग यायचा.

माझी लहानी बहीण मात्र रांगत थेट त्याच्या बाजेपाशी जायची. तिला कोणी अडवत नसे. आमच्याकडे अंगावर पिणाऱ्या लेकराला विटाळ नसतो. सुतकात सूट, विटाळशीजवळ सूट. तीच चाल इथं लावली. काका भाकरीचा घास चावून मऊ करून तिच्या तोंडात द्यायचा. माय म्हणायची, "तेवढंच त्याच्या जिवाले बरं वाटते."

उन्हाळ्यात लहानी सुकायला लागली. संध्याकाळी अंग तापायचं, मानेला गाठी आल्या. दृष्ट काढून झाली, गंडा बांधून झाला. शेवटी तिला बैलगाडीत घालून खामगावला त्याच डॉक्टरकडे नेलं, मीही सोबत होते. डॉक्टरनं मान चाचपली अन् विचारलं, "ही त्याच्याजवळ जात होती काय?"

"हाव," माय म्हणाली. "पण सायेब, लेकराले काय इटाळ?"

डॉक्टर खवळला. "विटाळाचं कोण बोललं? रोग आहे तो!"

अरे बाबा, मग तेव्हाच सांगायचं ना! ताटाचं सांगितलंस, लेकराचं कोण सांगणार होतं? अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

पोळ्याच्या आधी लहानी गेली. माय भिंतीवर डोकं आपटून रडली. दुसऱ्याच दिवशी काकानं बाज डोक्यावर घेतली अन् वावरातल्या खोपडीत राहायला गेला.

पुढं मला भाऊ झाला. मी भाकर बांधावर ठेवून यायची. काका लांबूनच विचारायचा, "चालाले लागला काय वो तो?"

एकदा मी म्हटलं, "आणू काय काका, पाहाले?"

त्यानं ढेकूळ उचलून माझ्यावर उगारलं. "इकडं आणलं तं तंगडं मोडीन तुह्यं!" ओरडला, अन् हात तसाच वर ठेवून हमसून हमसून रडायला लागला.