वीतभर रिकामी टाकी

लातुरात राहून घरात धबधबा बसवणारा माणूस जगात एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. ज्या गावात पाहुण्याला 'कसे आहात' विचारायच्या आधी 'आंघोळ करून आलात ना' असं विचारतात, तिथं या गृहस्थांनी बैठकीच्या खोलीत पलंगाएवढी काचेची पेटी आणून मासे सोडले. मी नांदेडचा. पण गोदावरीकाठचा माणूससुद्धा माशांचे एवढे लाड करणार नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चपला काढायच्या विसरून तसाच दारात उभा राहिलो.

साडूंची हयात पाटबंधारे खात्यात गेली. सुरुवातीची वर्षं इस्लापूरला, सहस्रकुंड धबधब्याच्या शेजारी, आणि पुढची सगळी कोरड्या कालव्यांवर. त्यामुळे असेल, पण त्यांना साठलेलं पाणी बघवत नाही. "साडूभाऊ, साचलं का पाणी मरतंय. त्येला पाडाय पाहिजे," असं म्हणून त्यांनी पेटीच्या काठाशी पाइप बसवला. जादा पाणी त्यातून खालच्या कपाटातल्या टाकीत पडायचं, स्पंजातून आणि खड्यांतून गाळलं जायचं, आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. खालच्या टाकीला सम्प म्हणतात, हे त्यांनी दूधवाल्यालाही शिकवलं होतं. पहिल्या दिवशी पाण्याचा खळखळाट सुरू झाला आणि शेजारच्या दोन बायका घागरी घेऊन धावत आल्या. "तुमच्याकडंच कसा काय नळ आला?" त्यांची समजूत काढता काढता अक्काच्या नाकी नऊ आले.

अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिनं नवऱ्याला एकदाच सांगितलं होतं, "फरशीवर थेंब दिसला, त्या दिवशी ही पेटी घराबाहेर." म्हणून साडूंनी सम्पाची वरची वीतभर जागा कायम रिकामी ठेवली होती. लाईट गेली की पंप थांबतो आणि वरचं थोडं पाणी खाली उतरतं. त्याला जागा हवी. त्यांनी काचेवर लाल रेघसुद्धा ओढली होती.

गेल्या महिन्यात मी गेलो, तो नेमका नळ येण्याचा दिवस. अक्कानं हौद, पिंप, घागरी, पातेली, कुकरसुद्धा भरून घेतला. आम्ही चहाला बसलो आणि लाईट गेली. बघता बघता कपाटाखालून पाण्याचा ओघळ निघाला आणि माझ्या पायाशी आला. मी पाय वर घेऊन बसलो.

"असं व्हतच न्हाई. हिशेब केलाय मी," साडू पांढरेफटक पडून म्हणाले. कपाट उघडलं तर सम्प काठोकाठ भरून वाहत होता.

"मीच भरली," अक्का फरशी पुसायचं फडकं घेऊन येत म्हणाली. "नळ आलाय अन् टाकी वीतभर रिकामी. माझ्यानं बघवंना."

मला वाटलं, आता साडू पेटणार. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय. लातूरच्या बाईच्या घरात रिकामी टाकी ठेवली, चूक माझीच." आणि माझ्याकडं वळले. "साडूभाऊ, मासे नांदेडला घेऊन जा. मी सगळं सोडवून ठेवतो." ते खरोखरच पाइप काढायला बसले. या माणसाला हरलेला मी कधी पाहिला नव्हता आणि मला ते अजिबात सहन झालं नाही.

अक्का बादलीत फडकं पिळत होती. "र्‍हाऊ द्या तो पाइप. हे पाणी उद्या फरशीला वापरीन, वाया न्हाई जात."

"अगं, थेंबाचं तूच बोलली व्हतीस."

"बोलले व्हते." ती पुसतच राहिली. "पोरं पुण्याला गेली, आता घरात आवाज तरी कशाचा हाय? पाणी पडतंय तवा कुणीतरी घरात असल्यावाणी वाटतंय."

साडूंनी पाइप तसाच ठेवला. ते तांब्यानं सम्प उपसायला लागले. रेघेपर्यंत पाणी खाली आणायचं होतं. पहिला तांब्या त्यांनी अक्काच्या हातात दिला. ती तो घेऊन स्वयंपाकघरात गेली, मोरीत डोकावली, अंगणात जाऊन आली आणि भरल्या तांब्यानिशी पुन्हा आमच्यासमोर येऊन उभी राहिली. ते पाणी ओतायला घरात एकही भांडं रिकामं नव्हतं.