बासी ईदचं जेवण

बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या दोन्ही मैत्रिणी दुपारी आमच्या घरी जेवायला यायच्या. एक कोन गावची, एक पडघ्याची. कॉलेजपासूनची ही रीत, आधी माहेरी, लग्नानंतर सासरी. दस्तरखानावर मधोमध मोठा थाळ, त्यात नारळाच्या गोड दुधात भिजलेली सांदणं, आणि तिघींचे हात त्या एकाच थाळात. कोनची तर माझ्या बाजूचं सांदणही ओढून घ्यायची. "खा गं, लाजू नको," सासूबाई म्हणायच्या. लाजणं तिच्या गावीही नव्हतं.

गेल्या दोन ईदा चुकल्या. एकदा म्हणे घरी पाहुणे आले, एकदा म्हणे पाठ धरली. यंदा कोनचीचा फोन आला, "आपण भायेरच भेटू गं. बायपासला नवीन हाटेल निघालंय, एशियन का काय. तुला तरी किती राबवायचं?"

इतकी वर्षं माझ्या राबण्याची काळजी कुणाला पडली नव्हती, ती आत्ताच कुठून आली? तरी गेले. त्या पुन्हा माझ्या घरी येणार की नाही, एवढंच मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. सासूबाईंनी सकाळीच सांदणं वाफवून ठेवली होती. "हाटेलातून घरी च्या प्यायला तरी येतील," त्या म्हणाल्या. 

हॉटेल एका गोदामाच्या वर होतं. खाली ट्रक लागलेले, वर बांबूचे दिवे आणि भिंतीवर सोनेरी ड्रॅगन. वेटरनं बश्या मांडल्या आणि समजावलं, "मॅडम, यहाँ सब शेअर करके खाते हैं." आम्हालाच शिकवत होता! पडघ्याचीनं हौसेनं काड्या धरल्या आणि घास थेट मांडीवर पाडला. आम्ही खदखदून हसलो. घटकाभर वाटलं, मीच उगाच मनाला लावून घेतलंय.

मग बांबूच्या टोपलीतून बाओ, म्हणजे वाफवलेले चिनी पाव, आले. पांढरे, मऊ, वाफाळते. कोनचीनं एक बोटानं दाबून पाहिला.

"अगं, हे तर तुमच्या घरचं सांदण!" तिनं घास घेतला. "पण त्याची सर न्हाय याला."

मी संधी सोडली नाही. "मग चला ना घरी. केलीत सासूबाईंनी. गाडीनं कितीसं लांब?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुलाचा होता. ती तोंड फिरवून बोलली, पण तिचा आवाज या बांधावरून त्या बांधावर जाणारा. "हां बाला, हाटेलातच हाय. न्हाय रे, तिच्या घरी न्हाय जात. बोलली ना तुला, न्हाय जानार."

तिनं फोन पालथा ठेवला. पडघ्याची पोट भरलेलं असताना मेनू वाचू लागली.

"तो येऊ देत नाही, की तुलाच यायचं नाही?" मी विचारलं.

"तसं न्हाय गं. तुमच्या मोहल्ल्यात माझी गाडी कुनी बघितली का त्याचे मित्र त्याला बोलतात. मग घरात कटकट. आपलं भायेरच बरं ना? आपल्यात काय बदललंय?"

मला तिचा संताप आला, आणि त्याहून जास्त त्या पोराचा. हाच पोरगा माझ्या सासूबाईंच्या मांडीवर बसून सांदणं खायचा. बोटं चाटून झाली की त्यांच्याच पदराला हात पुसायचा.

निघताना जिन्यात तिनं माझा दंड धरला. "सांदणं मात्र पाठव हां कुनाच्या तरी हाती. पोराला अजून आवडतात."

मी खाली उतरून रिक्षा केली.

घरी सासूबाई थाळ मांडून बसल्या होत्या. माझ्या मागे कुणी नाही हे त्यांनी पाहिलं. कोपऱ्यात स्टीलचा डबा झाकून ठेवलेला होता. कोनचीच्या पोरासाठी, दर वर्षीसारखा.

मी डबा उघडला आणि सगळी सांदणं थाळात उपडी केली.

"अगं, त्याचा डबा हाय तो!"

"त्याला पाहिजे तर इथं येऊन खाईल," मी म्हणाले, आणि भरल्या पोटी थाळापुढे जेवायला बसले.