चालत्या गाडीची चावी

चिखलदऱ्याच्या घाटात, ऐन उतारावर, मी चालत्या गाडीचं इंजिन बंद केलं होतं. पेट्रोल वाचावं म्हणून. गाडीत नवरा होता, अकरा वर्षांची मुलगी होती आणि स्टिअरिंगवर होते मी. डोळ्यांवर काळा गॉगल, वय चौतीस आणि अक्कल त्याहून पुष्कळ कमी.

हे पस्तीस वर्षं मी कोणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. आता ते राहिले नाहीत, तेव्हा त्यांना सांगायचं तर कायमचंच राहून गेलं.

असं कोण करतं, असं पुण्या-नाशिकचे लोक विचारतील. आमच्याकडे सगळेच करायचे. अमरावतीची जमीन पोळपाटासारखी सपाट. शहरात उतार म्हणावा असा एकच, रेल्वेचा पूल. ज्याच्याकडे म्हणून लूना होती तो पुलाच्या माथ्यावर पोचला की इंजिन बंद करायचा आणि फुकटात खाली यायचा. त्यात पेट्रोलपेक्षा शान जास्त होती. कोण किती लांब जातो, हे पानठेल्यावरचे लोक बघत. मी पदर खोचून, पाय न टेकवता थेट पुढच्या चौकापर्यंत जायची. एवढ्या एका गुणावर मी स्वतःला मोठी वाहनचालक समजत होते.

मग घरी गाडी आली. जुनीच, पांढरी, छोटी. मोर्शी रोडवर महिनाभर सरळ जायचं आणि सरळ यायचं, एवढं शिकून मी परवाना काढला. गल्लीत गाडी चालवणारी मी पहिली बाई. हॉर्न तर मी अशी वाजवायची की जणू माहेरपर्यंत ऐकू जायला हवा.

चिखलदऱ्याला जाताना गाडी हे चालवत होते. परतताना वळणांनी त्यांना मळमळायला लागलं. मी लगेच म्हटलं, "सरका तिकडे. मी आणते." ते शेजारी बसून डोळे मिटून राहिले. मुलगी मागे पेरू खात होती. पुढे लांबच लांब उतार दिसला आणि माझ्या मनात पूल आला. एवढा मोठा पूल! मी गिअर काढला आणि चावी फिरवली.

एकदम सगळं शांत झालं. सागाच्या वाळक्या पानांचा आवाज आला, मागे पेरू चावल्याचा आवाज आला. दोन क्षण मला इतका आनंद झाला की काय सांगू. मग वळण आलं म्हणून ब्रेकवर पाय ठेवला. एकदा थोडा लागला. दुसऱ्यांदा दाबला तर पायाखाली दगड. इंजिन बंद असलं की ब्रेक असे दगड होतात, हे लूनावर शिकलेल्या बाईला कुठून माहीत असणार? गाडी तर वेग घेतच होती. उजव्या हाताला दरी होती आणि दरीत झाडांचे शेंडे, आपल्या पायांच्या खाली. झाडांचे शेंडे वरून पाहायचे नसतात, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. चावी पुन्हा फिरवावी हे काही आलं नाही. मी दोन्ही पायांनी त्या दगडावर उभी राहिले, गाडी डावीकडे डोंगराला घासली, खरडत गेली आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगात जाऊन रुतली.

हे दचकून जागे झाले. मुलगी रडायला लागली, तिच्या हातातला पेरू पुढच्या काचेवर येऊन फुटला होता.

"काय झालं?"

"ब्रेक लागलेच नाहीत," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

निघायच्या दोनच दिवस आधी ह्यांच्या मित्रानं त्या गाडीचे ब्रेक केले होते. त्याचं आमच्या घरामागे गॅरेज होतं आणि दर रविवारी तो आमच्याकडे चहाला यायचा. हे पाटबंधारे खात्यात होते म्हणून तो त्यांना साहेब म्हणायचा, पण बसायचा मात्र शेजारी, खाटेवर, पाय वर घेऊन. मला वहिनी म्हणायचा. गाडी ओढून आणल्यावर त्यानं तपासली आणि रविवारी तो घरी आला.

"साहेब, ब्रेक चांगले हायेत. मी चालवून पाह्यली."

"चांगले आहेत?" ह्यांचा आवाज मी तेवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. "माझं लेकरू दरीत गेलं असतं! पुन्हा माझ्या दारात उभा राहू नकोस."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. बोलायला फार नको होतं, चार शब्द पुरले असते. मी ट्रे घेऊन परत आत गेले आणि तिन्ही कप मोरीत ओतले.

तो पुन्हा आला नाही. वर्षभरात गॅरेज उचलून अकोल्याला गेला. ह्यांनी गाडी विकली. कोकणात गाडीनं जायचं, समुद्राच्या काठाकाठानं, असं त्यांच्या फार मनात होतं. ते नंतर कधीच निघालं नाही. आम्ही रेल्वेनं जाता येईल तिथेच गेलो.

आणि मी? मी घरात वीरांगना झाले. ब्रेक फेल झालेली गाडी डोंगराला घासून थांबवणारी बाई. मुलीनं ती गोष्ट तिच्या मुलीला सांगितली, नातीनं कॉलेजात मैत्रिणींना. दर वेळी दरी थोडी खोल होत गेली. मी नको नको म्हणत ऐकायची, आणि कोणी दरी कमी खोल सांगितली तर मला वाईटही वाटायचं.

तर ह्या नातीनं मागच्या दिवाळीत जाहीर केलं, "आजी, आजोबांची राहिलेली ट्रिप आपण करू. तू आणि मी. माझ्या गाडीनं."

ती नागपूरला नोकरी करते, गाडी घेऊन तिला आठ महिने झाले आहेत. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून तिनं नकाशा दाखवला. अमरावतीपासून पुण्यापर्यंत रेघ कशी शहाण्यासारखी चालली होती. पुढे ताम्हिणी घाट आला आणि रेघेची जिलबी झाली. खाली समुद्र. हरिहरेश्वर, दापोली, गुहागर. परत येताना आंबा घाट, तिथे दुसरी जिलबी.

"इथं तर रस्ता पाण्यात गेला," मी बोट ठेवलं.

"तिथं फेरीबोट असते. गाडी बोटीवर चढवायची."

"म्हणजे बुडायचं तेही गाडीत बसून."

"आजी! तू काहून एवढी भिऊन राहिली? मी काय विमान चालवून राहिली का?"

"विमान बरं. त्याला वळणं नसतात."

ती हसली. मीही हसले. ती मुक्काम ठरवत होती, माशांचं जेवण कुठे चांगलं ते वाचून दाखवत होती, आणि मला त्या नकाशात फक्त झाडांचे शेंडे दिसत होते. मी काय काय करून पाहिलं! गुडघा दुखतो म्हटलं. तिनं पट्टा आणून दिला. गुहागरच्या घरमालकाला मी तिच्या नकळत फोन केला, "तुमच्याकडे साप निघतात का हो?" मला वाटलं, हो म्हणाला की नातीला सांगता येईल. तो म्हणाला, "निघतात की. पण ते आपल्या वाटेनं जातात. तुम्ही किती जण?" एवढ्यात नातीनं येऊन फोन काढून घेतला.

तरी मला वाटत होतं की ही भीती माझी आहे, म्हातारीची, उगाचची. मग तो दुपारचा प्रकार झाला.

प्रवासाची खरेदी करून आम्ही घरी येत होतो. रेल्वेच्या पुलावर गाडी चढली. माथ्यावर आली. आणि नातीनं गिअर काढून, गाणं गुणगुणत, चावी फिरवली.

सगळं शांत झालं.

ती शांतता मी विसरलेच नव्हते. पस्तीस वर्षांनी ती तशीच्या तशी माझ्या कानात येऊन बसली. माझे दोन्ही पाय आपोआप पुढे गेले आणि जिथे ब्रेक नव्हता तिथे दाबून राहिले. पिशवीतली बिस्किटं मी चुरून टाकली हे घरी गेल्यावर कळलं.

"हे काय करतेस?" मी ओरडले.

"घे! तूच तर शिकवलं. स्कूटीवर. विसरली?"

शिकवलं होतं. ती सोळा वर्षांची असताना, ह्याच पुलावर, मागे बसून. "आता बंद कर, आता बघ कशी जाते!" असं मीच ओरडले होते. चिखलदऱ्याचा मुरूम खाऊनसुद्धा ही अक्कल! त्या चौतीस वर्षांच्या बाईला मी मूर्ख म्हणते, पण ही तर साठीची होती.

"घाटात मजा येईल ना गं," ती म्हणाली. "अर्धा घाट फुकट."

"घाटात असं करायचं नाही."

"काहून?"

"नाही म्हणजे नाही."

"आजी, तुमच्या गाडीचे ब्रेक त्या मेकॅनिकनं बिघडवून ठेवले होते, म्हणून ते झालं. माझे चांगले आहेत. तू नको भिऊ."

माझं खोटं तिच्या तोंडात असं पक्कं बसलं होतं. ब्रेक चांगले असले की झालं, हे तिला मीच शिकवलं होतं, आणि त्या भरवशावर ती ताम्हिणीच्या उतारावर चावी फिरवणार होती. मी शेजारी असेन नाहीतर नसेन. पुढच्या वर्षी मैत्रिणींबरोबर जाईल तेव्हा तर नसेनच. नुसतं नको म्हणून ती ऐकणार नव्हती. मी तरी कुणाचं ऐकलं होतं?

घरी आल्यावर मी म्हटलं, "निघायच्या आधी गाडी एका माणसाला दाखवू. अकोल्याला."

"अकोल्याला? अमरावतीत काय मेकॅनिक मेले का?"

"ओळखीचा आहे."

पत्ता माझ्याकडे होता. नणंद अकोल्यालाच असते, तिनं कधीतरी बोलता बोलता सांगितला होता, बाळापूर नाक्याच्या अलीकडे. मी तो तेव्हाच लिहून देवाच्या पोथीत ठेवला होता. कशासाठी, हे स्वतःलाही विचारलं नव्हतं.

रविवारी निघालो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. दोन्हीकडे कपाशी फुटलेली, रस्ता सरळ, आणि मी घाटात असल्यासारखी दाराची कडी धरून बसलेली. मूर्तिजापूरला नातीनं चहा घेऊ का विचारलं. मी नको म्हटलं. चहाचा कप हातात धरला असता तर मी परत फिरले असते.

गॅरेज छोटंसं होतं. तो बाहेर लाकडी स्टुलावर बसला होता. केस पांढरे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी गाडीतून उतरले, गुडघा धरून. त्यानं नीट पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"वहिनी?"

"हो."

"साहेब?"

"जाऊन सहा वर्षं झाली."

त्यानं मान हलवली. स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलले असते, मुलंबाळं काय करतात विचारलं असतं, आणि तेवढ्यात सगळं राहून गेलं असतं. नात गाडीला टेकून फोन बघत होती. तिला ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं.

"त्या दिवशी घाटात ब्रेक बिघडले नव्हते. मी इंजिन बंद केलं होतं, पुलावर करतात तसं. ह्यांना मी कधी सांगितलं नाही. तुम्ही दारात आलात तेव्हाही नाही."

नातीनं फोन खाली घेतला.

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले, नातीसमोर हात केला. तिनं चावी दिली. तो गाडी घेऊन रस्त्यावर गेला आणि वळणाआड दिसेनासा झाला.

आम्ही दोघी उन्हात उभ्या. नात माझ्याकडे बघेना.

"तू मला स्कूटीवर शिकवलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी कालही केलं. हायवेच्या पुलावर." मग फोन खिशात ठेवून, "आजी, घाटात मी केलंच असतं."

आठ महिन्यांत मी तिला पहिल्यांदा भ्यालेली पाहिली. मला बरं वाटलं आणि तेवढीच लाजही वाटली. लांबून कुठूनतरी टायर करकचल्याचा आवाज आला. आम्ही दोघी दचकलो. मग दुसऱ्यांदा आला, मग तिसऱ्यांदा. तो ब्रेक दाबून बघत होता.

तो परत आला. उतरला, बॉनेट उघडून खाली वाकला, चाकांपाशी बसून हात लावून पाहिला. सगळं सावकाश. मग त्यानं चावी नातीच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली.

"बाई, उतार लागला का दुसऱ्या गिअरमंधी राहाचं. चालत्या गाडीत चावीले हात लावाचा नाई. समजलं?"

तिनं मान डोलावली. तो माझ्याकडे वळला. चष्मा काढला, फडक्यानं पुसला, पुन्हा लावला. आणि म्हणाला,

"वहिनी, ब्रेक चांगले हायेत. तवाबी चांगलेच होते."